शिवकन्याची ओळ

चप्पल विहिरीच्या वरच्या पायरीवर पडली होती. एकच, डाव्या पायाची. तिचा पट्टा तांब्याच्या तारेनं जोडलेला होता. ती तार धोंडीराम आबांनी स्वतः वळली होती, त्यामुळे त्यांनी चप्पल लांबूनच ओळखली आणि पायरीवर खाली बसले.

"शिवे," ते विहिरीत बघून म्हणाले. हाक मोठी नव्हती. शेजारी बसलेल्या माणसाला मारावी तेवढीच.

खाली पाण्यावर शेवाळाचा हिरवा थर होता. काही पडलं असेल तर तो फाटायला हवा, म्हणून मी तो बघत होते. मधोमध काळं पाणी दिसत होतं. पण तिथं रोज बायका बादल्या सोडतात, बादलीनंही थर फाटतोच. त्या काळ्या पाण्यावरून काहीच ठरवता येत नव्हतं. हे मला कळत होतं, तरी मी तिथून नजर काढत नव्हते.

शिवकन्या सहावीत होती. तिचे आईबाप दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊस तोडायला कोल्हापूरकडं गेले होते, ती आजोबांजवळ, या धोंडीराम आबांजवळ राहिली होती. चौसाळ्यापासून आत असलेल्या आमच्या वस्तीवर निम्म्या घरांत हाच प्रकार. अशा मुलांना हंगामात शाळेतच दोन वेळचं जेवण मिळतं, झोपायला ती घरी जातात. मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन एका संस्थेतर्फे वर्षभरासाठी इथं आले होते. मागं पडलेल्या मुलांना वाचता यावं, गणित यावं, एवढंच माझं काम.

शिवकन्याला भागाकार येत नव्हता. का येत नाही ते शोधत मागं गेले तेव्हा कळलं, तिला हातच्याची वजाबाकीच येत नाही. दुसरी-तिसरीतली दोन्ही वर्षं ती अर्धी उसाच्या फडावर होती. मग मी तिला सकाळच्या वेळी दुसरीच्या मुलांबरोबर बसवलं आणि बाटलीच्या बुचांवर वजाबाकी सुरू केली. मला ते बरोबर वाटत होतं. अजूनही वाटतं.

पण आमच्या शाळेच्या व्हरांड्यात मुलं ओळींनी बसतात. भिंतीकडून पहिली, मग दुसरी, सगळ्यात शेवटी सातवी. आणि धोंडीराम आबा रोज शेळी घेऊन कुंपणाच्या भिंतीपलीकडून जायचे. जाताना थांबून ओळी बघायचे. मी हात करायचे, तेही करायचे. ते नेमकं काय बघतात, हे मी कधी विचारलं नाही.

ते त्या सकाळी कळलं. टोळीच्या बंकट मुकादमाचा टेम्पो मागं राहिलेली माणसं गोळा करत शाळेसमोर येऊन थांबला. शिवकन्याच्या आईला फडावरच मुलगा झाला होता. आईबाप दोघं तोडीला लागले की बाळाजवळ कोणीतरी हवं होतं. बंकट शिवकन्याला न्यायला आला होता.

"तिची आई जाताना मला बोलून गेली," आबा म्हणाले. "शिकत असंल तर ठेवा, न्हाईतर धाडून द्या."

"शिकतेय की आबा," मुख्याध्यापक शहादेव सर म्हणाले.

"कुठं शिकती? सहावीची पोरगी दुसरीच्या ओळीत बसवली तुमी. म्या रोज बघतो. बारक्या पोरांत बुचं मोजत बसती. नापास केली म्हना की सरळ."

"नापास नाही केली," मी म्हणाले.

"मग ओळ कावून बदलली?"

मी समजावू लागले. आधीचं कच्चं राहिलं की पुढचं कसं अडतं, ते. आबा दुसऱ्याच्या घरातला रेडिओ ऐकावा तसे ऐकत होते.

बंकट हसला. तो वाईट माणूस नव्हता, घाईत होता. "मॅडम, तुमचं लई बरोबर हाय. पन लोकं गाडीत उन्हात बसलेत. पोरीला दोन कपडे घेऊ द्या, बास." मग ड्रायव्हरकडं वळून ओरडला, "हॉर्न कावून वाजवायला बे? आलो की!"

शिवकन्या इतका वेळ नळावर ताट धूत होती. आम्ही वळून बघितलं तेव्हा ताट नळाखाली होतं, पाणी वाहत होतं, आणि ती नव्हती. स्वयंपाक करणाऱ्या मंगलकाकूंनी नळ बंद केला. मग आम्ही हाका मारत घराकडं निघालो. वाटेत विहीर लागली.

विहिरीवर आता माणसं जमली होती. बंकटनं गळ आणायला एकाला पळवलं. पाण्यात पडलेल्या बादल्या काढायचा तो लोखंडी आकड्यांचा झुपका मी दोराला बांधलेला बघितला. मी वळले. पळून जायचं नव्हतं, पण बघायचंही नव्हतं.

वळल्यावर मला वाट दिसली. विहिरीपासून ती दोन बाजूंना फुटते. एक शिवकन्याच्या घराकडं जाते आणि दुसरी शाळेच्या बाजूला, खिचडीच्या जुन्या खोलीकडं.

त्या खोलीची आम्ही महिन्यापूर्वी अंधारखोली केली होती. रस्त्याकडच्या खिडकीला पत्रा ठोकला होता, पत्र्याला खिळ्यानं एक भोक पाडलं होतं. बाहेर ऊन असलं की समोरच्या भिंतीवर रस्ता, लिंबाचं झाड, शेळ्या, सगळं उलटं उमटायचं. मुलं आत बसून ओरडायची. शिवकन्या बाहेर यायलाच तयार नसायची. चित्र उलटंच का पडतं, हे तिनं मला तीनदा विचारलं होतं, आणि तिसऱ्यांदा स्वतःच काडीनं मातीत रेघा मारून दाखवलं होतं.

मी तिकडं धावले. दार ढकललं. उघडलं नाही. पण ते दार एरवीही अडकायचं, त्यामुळे हाही पुरावा नव्हता.

"शिवकन्या!"

आत काहीच हललं नाही.

मी खिडकीकडं गेले. भोकाला डोळा लावला, आत नुसता काळोख. मग मुलांचा खेळ आठवला. एकानं बाहेरून भोकावर हात ठेवायचा, आतल्यांनी "अंधार!" म्हणून ओरडायचं. मी तळहात ठेवला. थांबले. विहिरीकडून गळ पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. आतून काही नाही. मी हात तसाच दाबून धरला. ती आत नसेल तर कुठं आहे, हे मला ठाऊक होतं, आणि तो विचार मी पूर्ण होऊ देत नव्हते.

"हात काढा, मॅडम," पत्र्याला चिकटून बारीक आवाज आला. "गाडी दिसंना झाली."

मी हात काढून खिडकीखाली बसले. 

"शिवा, दार उघड."

"न्हाई."

"तुझी चप्पल विहिरीवर सापडली. सगळ्यांना वाटतंय तू आत पडलीस."

"पट्टा तुटला म्हनून टाकून पळाले." मग, "आबा रडायलेत का?"

"हो."

"गाडी गेल्यावर सांगा त्यांना. आता नगा सांगू. आबा लगेच मला गाडीत घालतील."

ते खरं होतं. मी सांगितलं असतं तर ती गेली असती. फडावर गेलेली सहावीची मुलगी कुठल्या ओळीत परत येते, की येतच नाही, हे मी मागच्या वर्षांच्या हजेरीपटात बघितलं होतं. न सांगता गप्प राहिले असते तर बंकट कंटाळून गेला असता. फक्त एका म्हाताऱ्याला तेवढा वेळ विहिरीत बघत बसावं लागलं असतं. मी खरंच तो विचार केला. खिडकीखालच्या भिंतीला पाठ टेकून केला.

तेवढ्यात विहिरीवरून कोणी ओरडलं, "लागलं! गळाला काय तर लागलं!"

आणि आबांचा आवाज आला. तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता.

ती आत आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी पळत सुटले. गळाला बाभळीची फांदी लागली होती, तिला पोतं गुंडाळलेलं. माणसं ते वर ओढत होती आणि आबांनी तोंड पदराखाली झाकावं तसं धोतराच्या सोग्यात झाकलं होतं. मी त्यांच्या कानाशी वाकले.

"आबा, जिती हाय ती. काही बोलू नका. माझ्याबरोबर चला."

ते उठले. बाकीचे फांदीकडं बघत होते. मी त्यांना दंडाला धरून खिडकीशी आणलं. त्यांनी पत्र्यावर दोन्ही हात ठेवले.

"शिवे."

आतून हुंदका आला. मग, "आबा, मी नापास न्हाई. माझी हातच्याची वजाबाकी चुकती. ती आली की मी माझ्या ओळीत जानार हाय. मॅडमनी सांगितलंय."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "कवा?"

मला ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नसतं. "संक्रांतीपर्यंत," मी म्हणाले.

त्यांनी सोग्यानं तोंड पुसलं आणि आले तसे परत निघाले. मी मागं गेले. ते आता बंकटला घेऊन येणार, असंच मला वाटत होतं.

बंकट दोर गुंडाळत होता.

"घावली पोरगी," आबा म्हणाले. "येत न्हाई ती."

"देवा!" बंकटनं दोर टाकला, छातीवर हात ठेवला. श्वास घेऊन झाल्यावर मात्र म्हणाला, "येत न्हाई म्हंजे? आबा, तिकडं बाळाला कोन बघंल?"

मंगलकाकूंनी माझ्याकडं बघितलं.   बाळ खरं होतं, उसाच्या पाचटावर कुठंतरी पडलेलं होतं.

"म्या बघतो," आबा म्हणाले.

"तुमी?"

"कावून? ह्या पोरीला कोनी वाढवली?" ते मंगलकाकूंकडं वळले. "राती तुमच्याकडं झोपंल ती. शेळी बी तिथंच बांधा."

घरून त्यांनी एक घोंगडी आणली, तेवढंच. दोघा जणांनी हात देऊन त्यांना टेम्पोत ओढलं. फळीवर बसल्यावर त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं. "फोनवर मला बाकी कायबी सांगू नगा. ओळ बदलली का, तेवढंच सांगा."

टेम्पो सुरू झाला तेव्हा अंधारखोलीचं दार आपटलं. शिवकन्या बाहेर आली, अनवाणी, केसांत जाळं. तिनं सगळं भिंतीवर बघितलं होतं, आबांना डोकं खाली पाय वर असं गाडीत चढताना.

"आबा!" ती रस्त्यापर्यंत धावली. धुळीत काही दिसत नव्हतं. ती थांबली.  मला वाटलं आता ती माझ्यावर चिडेल, आणि चिडली असती तर बरं झालं असतं.

ती वळली, व्हरांड्यात गेली आणि दुसरीच्या ओळीत बसली. बारक्यांनी सरकून तिला जागा दिली. बुचांचा डबा तिनं पुढं ओढला.

"द्या, मॅडम."

मी फळ्यावर लिहिलं, बासष्ट वजा सत्तावीस.  तिनं ओठ दाबून बुचं मांडली, विस्कटली, पुन्हा मांडली आणि पाटीवर उत्तर लिहून माझ्याकडं फिरवली.

पंचेचाळीस. हातचा पुन्हा राहिला होता.

मी भिंतीपलीकडं बघितलं. तिथं कोणी नव्हतं. विहिरीवर वाटली त्याहून जास्त भीती मला आत्ता संक्रांतीची वाटत होती, आणि ती चेहऱ्यावर दिसून चालणार नव्हतं.

"पुन्हा मांड," मी म्हणाले आणि तिच्या शेजारी खाली बसले.