गाळातली वाम

"मावशी, टाका की पटकन. सासूबाई वाट बघायलेत," राजेश्रीनं डबा पुढं केला, पण कडूबाईचा हात टोपलीतच थांबला होता.

बोरीच्या बाजारात कडूबाईची जागा ठरलेली. दुसरीकडे गिऱ्हाईक मासा दाबून, हुंगून, चार नावं ठेवून मगच घ्यायचं. कडूबाईसमोर नुसता डबा धरायचं. ही पत तिनं नवऱ्यामागं एकटीनं उन्हातान्हात बसून कमावली होती. आज पहाटे लेकानं, बजरंगनं, टोपली भरूनच दिली. वर ओलं पोतं झाकलेलं. तिनं ते बाजारात येऊन काढलं, तर रोहूच्या खाली बोटाएवढी पिल्लं आणि पिल्लांच्या खाली दोन वाम.

तिच्या भोई वस्तीतल्या जाळ्यांच्या भोकांतून चार बोटं आरपार जातात. त्यात पिल्लं अडकतच नाहीत. आणि वाम तर गाळात तोंड खुपसून बसणारी जात. गाळ सोडून ती वर येते ती जीव गुदमरला तरच. कडूबाईनं एका रोहूचा कल्ला उचलला. आत लालीचा पत्ता नव्हता, नुसता बुळबुळीत पांढरेपणा. वास कपाशीवरच्या फवाऱ्याचा. 

"न्हाई ताई, आज न्हाई देत. नासलेत."

"इतक्या सकाळी? हाटेलवाल्यासाठी ठिवलेत म्हना की सरळ."

राजेश्री तोंड वाकडं करून अंडी घ्यायला निघून गेली. कडूबाई तिला थांबवून खरं काय ते सांगू शकली असती, पण मग बजरंगचं नाव निघालं असतं. तिनं पोतं टोपलीवर दाबून बसवलं आणि मिळेल त्या जीपनं परत फिरली. घरी न जाता ती वस्तीच्या तळ्याकडं वळली.

तळ्याला एका अंगाला चिंचोळी बगल आहे. मच्छीमार संस्थेनं सोडलेली पिल्लं तिथल्या उथळ पाण्यात वाढतात. तिथं जाळं टाकायचं नाही, हे वस्तीत कुणाला सांगावं लागत नसे. जाळ्यात चुकून लहान मासा आलाच, तर कडूबाईचा सासरा त्याला हलकेच पाण्यात सोडायचा आणि म्हणायचा, "जा बाई, लेकुरवाळी होऊन ये." लोक हसायचे, पण सोडायचे तसेच. या एवढ्या शिस्तीवर भोयांच्या साऱ्या घरांत चूल पेटत होती. गावातली निम्मी घरं कोयते घेऊन ऊसतोडीला जायची. या वस्तीतलं कुणी गेलं नव्हतं.

आज त्या बगलेच्या तोंडाशी चिखलाचा बांध घातला होता आणि आत कपाशीवरचं औषध ओतलं होतं. काठाला मेलेल्या पिल्लांचा पांढरा थर साचलेला. बाभळीवर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरत नव्हता. खाली माणसं होती. गुडघाभर पाण्यात उभी राहून, हसतखिदळत टोपल्या भरत होती. कावळ्यांना किळस होती, माणसांना तेवढीही उरली नव्हती.

संस्थेचा चेअरमन महारुद्र, तिचा चुलतदीर, बांधावर तंबाखू मळत उभा होता.

"वैनी, लय लवकर आलाव. खपले का समदे?"

"औषध कुनी टाकलं?"

"आमीच. पुढच्या साली तळ्याचा ठेका बाहेरच्याला जायलाय. त्याच्यासाठी पोसून ठिवायचं का?"

"ठेका भांडून आनता आला असता, भाऊजी. ही पिल्लं कशी आनताव?"

"आमालाच कामून बोलताव? बाटली तुमच्या बजरंगानं आनली. इचारा त्याला."

कडूबाई बांधावर थुंकली आणि चालू लागली. बाहेरच्यानं लुटलं असतं तर तिनं छाती बडवून शिव्या दिल्या असत्या. हे तिचेच लोक होते. यांच्या बारशाला ती जेवली होती, यांच्या बायकांची बाळंतपणं तिनं केली होती. आता त्यांच्याकडं तिनं वळूनही बघितलं नाही.

सांजच्याला बजरंग साबण लावून, केस विंचरून जेवायला बसला. कडूबाईनं ताट पुढं सरकवलं. लाल रश्शात रोहूचे तुकडे.

"कुठले मासे, माय?"

"तूच दिलेले. खपले न्हाईत."

तुकड्याला लागलेला त्याचा हात चटकन मागं आला. त्यानं ताट ढकललं, हात धुतला, परत धुतला.

"हे घरात कामून आनलंस? हे खायचं नसतं."

"मंग इकायचं असतं?"

"लोकाला काय व्हत न्हाई. धुतेत, तळतेत. एका दिवसाचं तर हाय."

ज्या तोंडात तिनं एकेक काटा काढून घास भरवला होता, त्या तोंडाकडं आता तिला बघवेना. तिनं ताट, पातेलं, टोपली सगळं उचललं आणि घरामागं खड्डा खणून मासे पुरले. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर चुना टाकला. बजरंग दारात उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "माय, कुनाजवळ बोलू नको. वस्तीची अब्रू जाईल." ती पायानं माती लोटत राहिली.

पुढच्या बाजारी ती नेहमीच्या वेळेला बोरीला गेली. मासे मांडायचा पाट घासूनपुसून समोर ठेवला. त्यावर काही नव्हतं. चहाच्या गाड्यावरचा बन्सीधर जुनं गिऱ्हाईक. तो पिशवी घेऊन आला आणि थबकला.

"आज माल न्हाई, मावशी?"

"न्हाई. आमच्या तळ्यात औषध टाकलंय. तिथला मासा आता कुनाकडूनच घेऊ नका."

"कुनी टाकलं म्हनायचं?"

महारुद्राचं नाव घेता आलं असतं. बाहेरच्या ठेकेदारावर ढकलता आलं असतं, आणि लोकांनी ते खुशीनं मानलंही असतं. कडूबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"माझ्या लेकानं."

 बन्सीधर पिशवीची घडी घालत बाजूला झाला. त्याच्यामागं आणखी दोन बायका येऊन थांबल्या होत्या, आणि कडूबाईनं त्यांना पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.