नेबीचा पाटा

मित्रांनो, मी काळ्या खडकाचा, हजारो वर्षांपूर्वीचा एक पाटा आहे. पीठ करता करता माझे पोट खोलगट झाले. ते पीठ ज्यांनी खाल्ले, त्यांतल्या बऱ्याच जणांची मला किळस येते.

नेबीच्या आईने मला डोंगरातून पाठीवर आणले आणि गारगोटीने ठोकून घडवले. लग्न होऊन नेबी नदीकाठच्या सासरी गेली, तसा तिच्याबरोबर मीही गेलो. तिथे तिचा थोरला दीर होता, होर्गा. म्हणे शिकारी! महिन्याकाठी एखादे हरीण मारायचा आणि पुढचा महिनाभर त्याच हरणाची गोष्ट सांगायचा. सांगताना तोंडात भाकरी मात्र रोज नेबीची. ती पहाटेपासून गुडघे टेकून, पायांची बोटे दुमडून गहू रगडायची. "बायकांचं बरंय, बसून काम," असे हा लोळत म्हणायचा.

एका वर्षी पाऊस फिरकलाच नाही. थोडेफार पिकले ते उन्हाळ्यातच संपले. घरामागच्या खड्ड्यात फक्त पेरणीचे बी उरले. नेमके तेव्हाच होर्गाने नदीच्या वरच्या अंगाच्या लोकांना जेवायला बोलावले. त्यांच्यापुढे त्याने हरणांच्या कळपाची फुशारकी मारली होती. कळप कसला, त्याला एक ससाही मिळाला नाही. आणि पाहुणे तर दारात!

"नेबे, खड्डा उघड. दळायला बस."

"भावजी, ते बी आहे. ते खाल्लं तर पेरायचं काय? तुमच्या गप्पा?"

"मला शिकवतेस? दळ, नाहीतर चालती हो घरातून!"

नेबीचा नवरा उरान शेजारीच बोटाने जमीन उकरत बसला होता. त्याला मी माणसांत धरत नाही. नेबीने खड्ड्यातून ओंजळभर गहू आणला, माझ्यावर ओतला आणि वरवंटा होर्गापुढे सरकवला.

"घ्या. पाहुणे तुमचे, दळा तुम्हीच."

पाहुण्यांसमोर माघार कशी घेणार? बसला. चारदा वरवंटा ओढला आणि त्याला धाप लागली. दाणे उडून अंगणभर झाले. पाचव्या खेपेला त्याने स्वतःचे बोट चेचले आणि असा ओरडला की शेजारच्या शेळ्या उधळल्या. मला हात लावणारे इतके गचाळ हात मी पुन्हा पाहिले नाहीत.

पाहुण्यांतली म्हातारी ताशू पुढे आली. "अरे, पेरायचं बी आम्हाला वाढतोस? जन्माचा तळतळाट घ्यायचाय का आम्हाला? उचल गं पोरी ते. आम्ही सुकी मासळी आणलीय, तीच खाऊ सगळे."

नेबीने अंगणातला दाणा न् दाणा वेचला. पुढे पाऊस आला, तिने बी पेरले आणि कमरेइतका गहू उभा राहिला.

कापणीच्या जेवणात होर्गा उभा राहून सांगू लागला, "त्या वर्षी बी मी राखलं म्हणून तुम्ही जगलात!" लोकांनी माना डोलावल्या. नेबी तेव्हा माझ्यापाशी त्यांच्यासाठीच दळत होती. काम संपल्यावर तिला उठता येईना. भिंत धरून ती उभी राहिली.

मित्रांनो, जमिनीत माझ्यासारखा पाटा सापडला तर त्याला पुसून पुसून मिरवू नका. दगडाला काही दुखत नाही. तुमच्या घरात वाकून कोण राबते ते बघा आणि आपल्या हाताने पीठ मळायला बसा. ते जमत नसेल, तर निदान जेवताना फुशारक्या तरी मारू नका.