लाल फुलीचा कॅन

मी एक जुना दुधाचा कॅन आहे. दूध माझ्यात पडून दोन वर्षं झाली. सध्या माझा मुक्काम नगरपालिकेच्या गोदामात, जप्त केलेल्या खोट्या वजनांच्या शेजारी आहे. शेजार माझ्या लायकीचाच आहे.

कारखान्यात पत्रा वळवून, सांधे जोडून मला घडवलं तेव्हा मी नुसता लखलखत होतो. डेअरीत आलो आणि धुलाईच्या मावशींच्या हाती पडलो. उकळतं पाणी, सोडा आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन त्या आम्हा कॅनवर तुटून पडत. मग आम्हाला रॅकवर उपडं घालत. "माझ्या कॅनमध्ये तोंड बघून घ्या," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी शेफारलो होतो म्हणा ना.

एकदा टेम्पोतून पडलो आणि बुडाच्या सांध्याला आतून बारीक भेग गेली. त्या भेगेत दूध अडकायचं आणि तिथेच नासायचं. ब्रश तिथवर पोचत नव्हता. बाहेरून मात्र मी होतो तसाच देखणा.

राज्य सरकारच्या तपासनिसांनी बॅटरी मारून ती भेग हेरली. त्यांनी माझ्यावर लाल रंगाची फुली मारली आणि हा कॅन दुधाला वापरायचा नाही, असं मालकांना बजावलं. मला ताब्यात घेऊन निकामी करायचं काम नगरपालिकेचं होतं. तसं पत्र तपासनिसांनी त्याच दिवशी नगरपालिकेला धाडलं.

मावशींना ती फुली फार झोंबली. वीस वर्षांत त्यांच्या हातच्या भांड्याला कोणी नाव ठेवलं नव्हतं.

"विकायच्या दुधाला नको ना? मग मी घरी नेते," त्या मालकांना म्हणाल्या. "माझ्या हातचं धुणं मला माहीत आहे."

मालकांनी मान डोलावली. मावशींनी तारेच्या घासणीने फुली खरवडून काढली. मला कोण आनंद झाला! आज त्या आनंदाची लाज वाटते.

मावशींच्या घरी चार वर्षांची नात होती. तिच्यासाठी त्या रोज माझ्यातून दूध न्यायच्या. डेअरीतलं दूध तापवून थंड केलेलंच असतं, म्हणून घरी पुन्हा तापवत नसत. पोरगी माझ्या झाकणातच दूध ओतून घ्यायची आणि ओठांवर उमटलेल्या दुधाच्या मिशा आजीला दाखवायची. महिन्याभराने तिला ताप आणि जुलाब सुरू झाले. तिला दवाखान्यात नेलं. पाचव्या दिवशी मावशी एकट्याच घरी आल्या.

आणखी आठवडा गेला. मग नगरपालिकेचे निरीक्षक ते पत्र घेऊन दारात उभे राहिले. डेअरीच्या मालकांनीच त्यांना घर दाखवलं होतं. मावशींनी स्वतः मला अंगणात आणून ठेवलं.

"साहेब, हे पत्र इतके दिवस कुठे होतं?" त्यांनी विचारलं.

"टेबलावरच होतं," निरीक्षक खाली बघत म्हणाले. "सही राहिली होती."

त्यांच्या माणसाने माझ्या बुडाला ड्रिल लावलं. मी हलू नये म्हणून मावशींनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

मित्रांनो, जिने मला जिवापाड जपलं तिच्याच घराचा मी घात केला. तुमच्या घरातल्या एखाद्या भांड्याला भेग दिसली तर लगेच आईला दाखवा. ते तिचं लाडकं भांडं असेल, तिने रोज स्वतः घासलेलं. ती रागावेल. तरी दाखवा.