नवसाबाईची रेघ

नागीण झाली की हरसूलकडचा माणूस आधी नवसाबाईचं घर विचारतो, दवाखाना नंतर. बरगडीवर, कमरेवर पाणीदार फोडांची ओळ उठते, अंगाची आग आग होते आणि घरचे हबकून जातात. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटलं की माणूस जातो, असं सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. नवसाबाई तांदळाच्या धुवणात गेरू उगाळायची, ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक रेघ ओढायची आणि नागिणीला दम भरायची, "हितून पुढं यायचं नाय!" नागीण बहुतेक वेळा तिथेच थांबायची. तशी ती बऱ्याचदा आपली आपणच थांबते म्हणा, पण हे नवसाबाईला सांगायची कुणाची छाती होती?

ही विद्या सासूने मरताना दिलेली, तीही अटी घालून. दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही. आणि दवाखान्याची गोळी खाणाऱ्याला रेघ ओढायची नाही. ओढलीस तर हाताचा गुण कायमचा जाईल. गोळी आणि रेघ एकत्र चालत नाहीत, एवढंच लोकांना ठाऊक होतं. गुण जाण्याची गोष्ट नवसाबाईने कुणाजवळ काढली नव्हती.

नागलीची कापणी चालू असताना एका सकाळी आक्काबाई पदराने अर्धं तोंड झाकून आली. दोघी एकाच गावच्या लेकी, एकाच पाड्यावर दिलेल्या. एकमेकींना नावाने हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"नवसे, कालधरनं कपाळ पेटलंय. वढ रेघ."

नवसाबाईने तिचा पदर बाजूला केला. फोड केसांतून निघून कपाळावरून खाली उतरले होते. पापणी सुजून डोळा मिटला होता आणि नाकाच्या शेंड्यावरही एक फोड आला होता. तिने बोट गेरूत बुडवलं, आणि ते तसंच राहिलं. नागिणीचं एक टोक केसांत होतं, दुसरं डोळ्यात शिरलं होतं. डोळ्यात रेघ ओढायची कशी?

"आक्के, चल. हरसूलला जाऊ."

"दवाखान्यात? तुझं डोकं फिरलंय का?"

"फिरलंय. चल."

जीप मिळेपर्यंत आणि मिळाल्यावरही आक्काबाई कुरकुरत होती. नवसाबाईने गेरूची पुरचुंडी कनवटीला लावली होती, का ते तिचं तिलाही कळलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टर संजना नाशिकच्या, वयाने या दोघींच्या नातीएवढ्या. त्यांनी आधी नाकावरचा फोड पाहिला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "मावशी, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आमा दोघींला संगंच आल्या व्हत्या," नवसाबाई म्हणाली.

"त्यांचाच हा विषाणू. इतकी वर्षं नसेत झोपून होता, अंगातली ताकद कमी झाल्यावर उठला. आता डोळ्याकडे निघालाय. गोळ्या लगेच सुरू करा, आणि आजच नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. उशीर झाला तर नजर जाऊ शकते."

"गोळी त्याला मारती का?"

डॉक्टरांनी नवसाबाईच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे बोट केलं. "मारत नाही, वाढू देत नाही. हा आपल्याच अंगात बसून आपल्यासारखे आणखी तयार करतो, माळ ओवावी तसा एकेक मणी जोडत. गोळी त्यात एक खोटा मणी सरकवते. एका बाजूने भोक, दुसऱ्या बाजूने बंद. तो ओवला गेला की दोरा पुढे जात नाही, माळ अर्धीच राहते. पण ओवून झालेल्या माळांना ती काही करत नाही. म्हणून घाई."

"मंग सर्दीलाबी द्या की. माझं नाक कवापासनं गळतंय," नवसाबाई म्हणाली.

डॉक्टर हसल्या. "ही नागीण, कांजिण्या आणि ओठांवर फोड आणणारा त्यांचा भाऊबंद, एवढ्यांवरच चालते. फ्लूची गोळी वेगळी, एचआयव्हीची वेगळी, काविळीच्या काही जातींची वेगळी. साध्या सर्दीवर मात्र अजून तशी गोळी नाही."

त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. आक्काबाईने ओठ घट्ट मिटले. "गोळी खाल्ली का ही रेघ वढणार नाय. मी हिच्या रेघंसाठी आलीया. डोळा गेला तर जाऊ दे."

डॉक्टरांनी समजावलं, विनवलं. म्हातारी हटायला तयार नव्हती. नवसाबाई मैत्रिणीच्या सुजलेल्या डोळ्याकडे बघत राहिली. मग तिने कनवटीची पुरचुंडी सोडली.

"बाई, रेघ वढली तर चालंल?"

डॉक्टरांनी क्षणभर दोघींकडे पाहिलं. "फोडांना लावू नका. कानामागे कोरड्या कातडीवर ओढा."

नळाच्या पाण्यात गेरू भिजला. आपलं काय जातंय हे नवसाबाईला पुरतं ठाऊक होतं, आणि जीव तुटत होता. तरी तिने रेघ ओढली, नेहमीचा दम भरला आणि गोळी आक्काबाईच्या हातावर ठेवली.

"दोन्ही चालंल?" आक्काबाईने विचारलं.

"चालंल. मी सांगते ना! गीळ."

मग नाशिकच्या फेऱ्या झाल्या, डोळ्यात थेंब घालणं झालं. खपल्या धरल्या, गळून पडल्या. कपाळात अजून कळ यायची, पण डोळा वाचला. आक्काबाईने पाडाभर सांगितलं, रेघेचा गुण! नवसाबाई मात्र गेरूला शिवेना. कमरेवर नागीण घेऊन पाड्यावरचा सहादू आला, तेव्हा तिने दारातच हात जोडले.

"माझ्याकडं गुण ऱ्हायला नाय, बाबा. गोळीसंगं रेघ वढली, तवाच गेला."

ओट्यावर नागली पाखडत बसलेल्या आक्काबाईचा हात थांबला. कानामागची रेघ कितीला पडली हे तिला आज कळत होतं. ती एका हातात सूप धरूनच उठली आणि नवसाबाईसमोर येऊन उभी राहिली, अगदी तोंडासमोर तोंड आणून. चांगला डोळा तिने तळहाताने झाकला.

"हनुवटीवर नागलीचा कोंडा लागलाय तुझ्या. पुसला नाय," ती म्हणाली. "गुण गेला म्हणतीस, नवसे? मंग ह्या डोळ्यानं तू दिसतीस कशी मला?"

नवसाबाईला हुंदका आवरला नाही. तिने तोंड पुसलं, सहादूकडे पाहिलं आणि पायात चपला सरकवल्या.

"चल, आधी दवाखान्यात. गोळी गिळलीस का मंग रेघ वढते."

आक्काबाईने सूप खाली ठेवलं आणि गेरूची पुरचुंडी शोधायला आत गेली.