शेकोटीचा भाऊ

यंदा पुराने खांबांवर उभ्या आमच्या घराची फळ्यांची जमीन चार वेळा वर चढवायला लावली. पाणी फळ्यांच्या खाली वीतभर आलं की माझा नवरा मिरो खांबांना नवे आडवे वासे ठोकतो, फळ्या उचलून त्यांच्यावर टाकतो, आणि आम्ही बिऱ्हाडासकट हातभर वर सरकतो. छप्पर मात्र जिथल्या तिथेच. जूनपर्यंत अशी गत झाली की घरात ताठ मानेने चालणारी दोघंच उरली, माझी सात वर्षांची ताइनारा आणि डुक्कर.

डुक्कर माझ्या सासऱ्यांनी आणलं होतं, जूनमधल्या सांजांव संताच्या सणाच्या जेवणासाठी. आमच्या ओढ्यावर सात घरं. दर वर्षी पाळीपाळीने एका घराने सणाचं जेवण घालायचं, आणि यंदाची पाळी आमची. फेब्रुवारीत आणलेलं पिल्लू एप्रिलपर्यंत चांगलं गुबगुबीत झालं, आणि नेमका तेव्हाच त्याचा गोठा बुडाला. मग काय, आलं घरात.

"नाव द्यायचं नाही कुणी त्याला," सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी ताइनाराला दम भरला. "नाव दिलं की घास घशाखाली उतरत नाही. तुझ्या आजीने एका टर्कीला नाव दिलं होतं. अकरा वर्षं जगली आणि घरात एकेकाला टोचून गेली."

"बरं आजोबा," ताइनारा म्हणाली. एवढ्या पटकन ती ऐकते तेव्हा मी सावध व्हायला हवं होतं. पण मला पुराच्या दिवसांत कामं काय कमी असतात? कोंबड्या तुळईवर बसायच्या आणि त्यांतली एक सासऱ्यांच्या हॅटमध्येच अंडं घालायची. डोक्यावर चढवण्याआधी हॅटमध्ये बघायचं, असा सासऱ्यांचा नेम होता. एकदाच विसरले. फळ्यांखाली एक मगर मुक्कामाला आली होती, तिच्यावर आमचा कुत्रा फटीला नाक लावून दिवसभर भुंकायचा. तिने एकदाही मान वळवून बघितलं नाही. त्याचा अपमान मलाच सोसवेना.

आणि या सगळ्यात ते डुक्कर. दुपारी जेवणं झाली की ते मधल्या खांबाला पाठ घासायचं, आणि आख्खं घर डुलायचं. भांडी वाजायची, कोंबड्या कलकलायच्या.

"बंद कर रे मेल्या!" सासरे झोळीतून ओरडायचे. "घर पाण्यात घालशील!"

त्यांची झोळी त्याच खांबाला बांधलेली. मी दोनदा म्हटलं, "बाबा, झोळी त्या टोकाला बांधू का? वाराही येतो तिकडे."

"राहू दे. गाठ सोडायचा कंटाळा."

जो माणूस मासेमारीच्या जाळ्याच्या हजार गाठी बसल्या जागी सोडवतो, त्याला झोळीची एक गाठ जड व्हावी? पाठ घासली जायची, झोळी हलायची, शिव्या हळूहळू पुटपुटण्यावर यायच्या आणि मग घोरणं सुरू व्हायचं. सासूबाई गेल्यापासून त्यांना दुपारची झोप म्हणून नव्हती.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी सुऱ्यांना धार लावली. मी लसूण, मीठ, लिंबू वाटून ठेवलं. ताइनारा डुकरापाशी बसून त्याचं पोट खाजवत होती. रडली नाही, जेवलीही नाही. पण सात घरांना आवतण गेलेलं. गेल्या साली शेजारच्या झुलेइदेने सगळ्यांना बदकं वाढली होती, आणि त्या बदकांची आठवण तिने मला वर्षभर दिली होती. माझ्याकडे नुसता भात वाढला असता तर ओढ्यावर तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

संध्याकाळी, गुरं बांधायला पाण्यावर घातलेल्या मचाणावर शेकोटी पेटली. पुरात कोरडी जमीन कुठली? लोखंडी पिंपाच्या अर्ध्या भागात माती भरून तिच्यावर लाकडं रचलेली. सगळ्यांच्या होड्या मचाणाला बांधलेल्या. शेकोटीभोवती हात धरून तीन फेऱ्या मारल्या आणि सांजांवची साक्ष काढली की दोन माणसं जन्माची भाऊ होतात. मग ती एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत, 'कोम्पाद्रे' म्हणतात. सख्ख्या भावाशी भांडण चालतं, याच्याशी नाही.

"आजोबा," ताइनारा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुमचे शेकोटीचे भाऊ किती?"

"तीन होते. दोन देवाकडे गेले, एक शहरात मुलाकडे गेला. गेले ते सगळे सारखेच."

"मग आता कुणीच नाही?"

सासऱ्यांनी लाकूड पुढे सारलं. "नाही."

"मी एखादा आणला तर?"

माणसं हसली. सासऱ्यांनी दोन घोट घेतलेले होते, तेही हसले. "आण की! शेकोटीपाशी आलेल्याला नाही म्हणत नाहीत. म्हटलं तर सांजांवचा कोप होतो. माझ्या बापाने नाही म्हटलं होतं एकाला, वर्षभर जाळ्यात मासा आला नाही."

"सगळ्यांनी ऐकलंत ना?" ताइनारा म्हणाली आणि गेली.

ती परत आली ती साबुकंदाच्या सालींचं ताट पुढे धरून. घर ते मचाण जोडणाऱ्या फळीवरून तिच्यामागून ते डुक्कर तोल सावरत येत होतं. गळ्यात माझी लाल रिबीन, अंग घासून धुतलेलं. नंतर पाहिलं, माझी साबणवडी अर्धी झाली होती.

हसून हसून एक होडी उलटायची राहिली.

"ताइनारा!" मी ओरडले. "घेऊन जा त्याला आत!"

"नाव दिलेलं नाही मी," ती सासऱ्यांकडे बघत म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात म्हणून दिलं नाही. आणि कोम्पाद्रेला नाव लागतच नाही."

सासऱ्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी तो प्रकार हसण्यावारी न्यावा म्हणून सगळे वाट बघत होते. मीही. एक शब्द पुरला असता. डुकराने तेवढ्यात साली संपवल्या, इकडेतिकडे पाहिलं, जवळात जवळचा खांब म्हणजे सासऱ्यांचा पाय, तो हेरला आणि त्याला पाठ घासायला लागलं.

सासरे हलले. अगदी झोळीत हलतात तसे. मग त्यांनी हॅट काढली, आत बघितलं, बाजूला ठेवली, आणि वाकून डुकराचा कान धरला.

"बाबा," मिरो म्हणाला, "अहो, उद्याचं जेवण..."

"गप रे. सांजांवपुढे शब्द गेलाय माझा."

तीन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीपासून कुणी हसेना. "सांजांवच्या साक्षीने, आजपासून आपण भाऊ," ते प्रत्येक फेरीला म्हणाले, आणि तिसऱ्या खेपेला त्यांचा आवाज चिरकला. मी धुराकडे तोंड केलं. डोळ्यांत पाणी यायला तेवढं निमित्त पुरतं.

"ओझेनीरा, उद्या काय मग?" झुलेइदेने लगेच होडीतून विचारलं. "कोम्पाद्रेला जेवायला वाढणार, की कोम्पाद्रेलाच ताटात वाढणार?"

"उपाशी नाही पाठवत तुला," मी म्हटलं. काय वाढणार, देव जाणे.

पहाटेच सासरे आणि मिरो होडी घेऊन बुडालेल्या झाडीत शिरले. रबराच्या बिया टपटप पाण्यात पडतात तिथे तांबाकी मासे तोंड वासून बसलेले असतात. दुपारी दोघे परतले तेव्हा माशांच्या वजनाने होडी काठापर्यंत पाण्यात होती. पाच तांबाकी, एकेक माझ्या परातीत न मावणारा. कालचं वाटण त्यांनाच चोळलं. झुलेइदेने तीनदा घेतलं आणि "मासे काय, आपण रोजच खातो" असं तीनदा म्हणाली.

वाढायला घेतलं तेव्हा सासरे खाकरले. "मोठ्यांना आधी, सूनबाई."

मी त्यांच्यापुढे ताट ठेवलं. ते हलेनात. शेवटी माझ्या ध्यानात आलं. सासऱ्यांचा भाऊ, म्हणजे माझे चुलतसासरे. ताट भरून मधल्या खांबापाशी नेऊन ठेवलं, तेव्हा कुठे पंगत सुरू झाली. ताइनारा चार माणसांचं जेवली.

ऑगस्टमध्ये पाणी उतरलं. मगर गेली आणि कुत्रा दोन दिवस सुतकात बसला. जमीन परत खाली आली, गोठा उभा राहिला. पण चुलतसासऱ्यांना गोठा पटला नाही. ते घराखालच्या चिखलात, त्याच मधल्या खांबापाशी राहतात. सकाळी उठले की सासरे फळीच्या फटीतून खाली बघतात आणि विचारतात, "काय कोम्पाद्रे, झोप लागली का?" खालून खांब हलतो. सासूबाई गेल्यापासून हा प्रश्न या घरात कुणी कुणाला विचारलेला मी ऐकला नव्हता.

काल मी वाळत घातलेल्या साबुकंदाच्या पिठात चुलतसासरे लोळत होते. झाडू उगारलाच होता मी. वरून सासरे खाकरले.

मी झाडू खाली घेतला, झग्याला हात पुसले आणि म्हटलं, "काका, जरा उठता का? तुमच्याचसाठी भाकरी करायचीय त्याची."