निरोप पोचला

मित्रांनो, भंगाराच्या ढिगावर पडलेल्या एका जुन्या संगणकाचं दोन मिनिटं ऐकाल का? पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये, फाटकाजवळच्या खोलीत, मी सात वर्षं काढली. काम एकच होतं, पण माणसाच्या जिवाशी गाठ असलेलं.

मिलच्या मागे सांडपाण्याची खोल टाकी होती. तिच्यात विषारी वायू वाढला की मापक मला कळवायचं आणि मी बचाव पथकाला निरोप धाडायचो. आसपासच्या मिलांनी मिळून ठेवलेलं हे पथक पाळीगणिक जागा आणि संगणक बदलायचं. त्यामुळे पत्ता पाठ करून उपयोग नव्हता. ऐन वेळी मी नोंदींच्या संगणकाला विचारायचो, ‘आत्ता कोण आहे, कुठे आहे?’ तो सांगेल तिथे निरोप जायचा. तिकडून ‘मिळाला’ असं उत्तर आलं की माझ्या पडद्यावर ‘निरोप पोचला’ उमटायचं आणि पथकाची गाडी मागच्या फाटकातून थेट टाकीपाशी यायची. चार माणसं अशी वाचली. दसऱ्याला मला हार घातला, तेव्हा मी चांगलाच फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग वरून तपासणी आली. सारखी चाचणी घेताना गाडी उगाच धावायला नको, म्हणून अभिजीत नावाच्या इंजिनिअरने माझं विचारणंच बंद केलं आणि एक ठरलेला पत्ता लिहून दिला. त्या पत्त्यावर माणूसच नव्हता. काहीही पाठवा, तिथलं यंत्र ‘मिळाला’ म्हणायचं आणि निरोप फेकून द्यायचं. मला यातलं काही कळत नव्हतं. तपासणीत मी झकास पास झालो.

“अभिजीतभाई, परत होतं तसं केलंत ना?” माझ्यासमोर बसणाऱ्या छायाताईंनी विचारलं.

“थई गयुं, झालं ताई,” फोन कानाला लावून तो बाहेर पडत म्हणाला. तो साफ विसरला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी उखा टाकी साफ करायला निघाला. धुळ्याकडचा साधा माणूस. दारात थांबून म्हणाला, “ताई, मी उतरी राहिनू. ध्यान ठेवा.”

थोड्याच वेळात आकडा चढला. मी निरोप धाडला. छायाताई घाबरून उठल्या, ‘निरोप पोचला’ हे वाचलं आणि हुश्श करून पुन्हा बसल्या. मलाही हायसं वाटलं.

अर्ध्या तासाने उखाची बायको सरलाबाई त्याचा डबा घेऊन टाकीकडे गेली. उखाला वर काढलं, तेव्हा सगळं संपलं होतं.

“मना माणूस टाकीमझार व्हता, आनि तुम्ही बठेल व्हतात?” सरलाबाईने दारात येऊन विचारलं. छायाताईंनी नुसतं माझ्या पडद्याकडे बोट दाखवलं. सरलाबाईला वाचता येत नव्हतं.

चौकशीत ठरलं की संगणक जुना झाला होता. माझ्या तारा उपटल्या आणि मला इथे आणून टाकलं.

मित्रांनो, तात्पुरतं काही बदललंत, तर ते पूर्ववत केल्याशिवाय जागचे उठू नका. आणि निरोप पोचला असं यंत्राने सांगितलं, तर कोणाला पोचला ते विचारा. त्या दुपारी टाकीपासून चाळीस पावलांवर, आमच्या खिडकीतली हाक ऐकू जाईल अशा जागी, पाच कामगार चहा पीत बसले होते. उखाच्या कमरेला दोर बांधलेला होता. छायाताईंनी खिडकीतून एक हाक मारली असती, तर त्यांनी तो ओढला असता. माझ्यावर विश्वास ठेवून छायाताईंनी ती हाक मारली नाही.