एका जागेची दोन नावं

मी शिलाई मशीन बोलतेय. नांदेडच्या इतवाऱ्यात मकबूल दर्ज्याच्या घरी, पुढच्या खोलीत खिडकीखाली मी उभी आहे. माझ्या अंगावर जुनी चादर टाकलेली आहे. या घरात माझ्याबद्दल सध्या कुणी बोलत नाही, म्हणून मीच बोलते.

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यातला. काळं लोखंडी अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, खाली पायडल. मालगाडीनं नांदेडला आले आणि स्टेशनजवळच्या एका दुकानात चार महिने धूळ खात राहिले. मग एक दिवस तिशीतला मकबूल आला. त्यानं किंमत विचारायच्या आधी पायडल मारलं, कान माझ्या चाकाशी नेला आणि म्हणाला, “हौ, आवाज साफ है.” तेव्हापासून मी त्याची.

वीस-बावीस वर्षं आम्ही दोघांनी लोकांचे लग्नाचे कपडे शिवले. मग बाजारात तयार कपडे आले आणि गिऱ्हाईक आटलं. आता दुकान बंद करावं, असं मकबूल जाहिदाला, म्हणजे बायकोला, सांगत होता, तेवढ्यात भागवत आला.

भागवत लोह्याकडचा. घरची शेती, पण याचा जीव फुटबॉलमध्ये. त्याच्या लग्नाचा कोट माझ्यावरच शिवलेला. नांदेडात तेव्हा गोदातीर फुटबॉल क्लब नवा नवा उभा राहिला होता. पगारी खेळाडू, वर्षा-वर्षाचे करार, राज्यभर सामने. भागवत त्याचा कप्तान. तो क्लबच्या प्रशिक्षकांना, उदगीरच्या मल्लिनाथ सरांना, थेट दुकानात घेऊन आला आणि म्हणाला, “सर, आपल्याला कपडे सांभाळायला, जर्सीवर नावं शिवायला माणूस पायजे ना? हे बघा. यांच्या हातचा टाका निघत न्हाई.”

असे आम्ही क्लबात गेलो. मैदानाच्या पायऱ्यांखाली एक खोली होती, तीन पायऱ्या उतरून आत जावं लागे. तीच आमची जागा. हंगाम सुरू झाला की मी जर्सीच्या पाठीवर कापडी अक्षरं नि आकडे शिवायची. पोरं येऊन आपापली जर्सी उलटसुलट करून बघायची, नावावरून बोट फिरवायची. मोठमोठे धिप्पाड गडी, पण स्वतःचं नाव बघताना अगदी शाळकरी व्हायचे.

पण हंगाम संपला की उन्हाळा यायचा, आणि उन्हाळ्यात मला काम नसे. तेव्हा काम असे ब्लेडचं. एप्रिलच्या शेवटच्या सामन्यानंतर यादी व्हायची. कुणाचा करार वाढवायचा, कुणाचा नाही. साहेब लोक ‘काढला’ म्हणत नाहीत, ‘मोकळा केला’ म्हणतात. जो मोकळा झाला त्याचं नाव मकबूल माझ्यासमोर बसून जर्सीवरून उसवायचा. पत्र पोचायला आठ-पंधरा दिवस लागत. म्हणून खेळाडू काहीतरी निमित्त काढून खोलीत येत. पाणी मागत, विसरलेला मोजा शोधत, आणि नजर टाकत माझ्या टेबलावर. टेबलावर दोऱ्यांचे तुकडे नि ओळखीचा आकडा दिसला की तसेच पायऱ्या चढून जात. मी सात उन्हाळे हे पाहिलं.

मागच्या नोव्हेंबरात भागवत आत आला आणि त्यानं दार लावून घेतलं.

“चाचा, एक काम हाय. पण कुणाला बोलायचं न्हाई.”

“बोल ना बेटा.”

त्यानं पँट वर केली. डावा गुडघा कवठासारखा फुगला होता.

“लातूरला दाखवून आलो,” तो म्हणाला. “नांदेडात दाखवलं असतं तर सांजपर्यंत साऱ्या टीमला कळलं असतं. आतली नस फाटली म्हणून राहिले डाक्टर. आप्रेशन करा, सहा महिने खेळू नका.”

“मग करून टाक.”

“करार मे महिन्यात संपतोय, चाचा. आप्रेशन झालेला बत्तीस वर्षांचा गडी कोण ठेवतं? एवढा एक करार होऊ द्या, मग करतो. तोवर गुडघा आवळून धरील असा पट्टा शिवून द्या. बाहेरून दिसायला नको.”

मकबूलनं गुडघ्याचं माप घेतलं. मग त्यानं जाड इलॅस्टिक काढलं. त्या कामात माझ्या दोन सुया मोडल्या. पुढं हंगामभर तो पट्टा तीन वेळा सैल करावा लागला, कारण गुडघा सुजतच गेला.

जानेवारीत शहेबाज आला. धर्माबादचा, बावीस वर्षांचा, मकबूलची बहीण हुमा हिचा मुलगा. खेळायची जागाही भागवतचीच, मधला बचाव. क्लबानं त्याला चाचणी घेऊन निवडलं होतं, मकबूलनं कुणाकडे शब्द टाकला नव्हता. उलट भाच्याला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून तो त्याची जर्सी सगळ्यात शेवटी शिवायचा. शहेबाज भागवतला ‘कप्तानभाई’ म्हणे. भागवतही त्याला मनापासून शिकवी. सरावानंतर दोघं माझ्या टेबलाशी टेकून चहा पीत आणि पुढचा गडी चकवायला आला की कुठला पाय आधी टाकायचा यावर वाद घालत. शहेबाज बहुतेक वेळा बरोबर असे.

त्या हंगामात क्लब हरत गेला आणि खालच्या गटात घसरला. मालकांनी हात आखडता घेतला. सव्वीस खेळाडूंतले अठराच ठेवायचे, असं फर्मान निघालं.

मे महिन्यात नांदेडचं ऊन म्हणजे भट्टी. वरच्या कार्यालयात बसवेना, म्हणून मल्लिनाथ सर आणि व्यवस्थापक उमाशंकर साहेब यादी घेऊन आमच्याच खोलीत उतरले. मकबूल कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत होता. ते एकेक नाव वाचत होते आणि मी ऐकत होते.

“मन्मथ?” साहेबांनी विचारलं.

“ठेवू या. त्याच्याकडं आत्ताच बाळ झालंय.”

“सर, बाळाकडं बघून टीम होत नसते.” साहेबांनी रेघ मारली.

दीड तासात सतरा नावं ठरली. एक जागा उरली, मधल्या बचावाची, दोन वर्षांच्या कराराची. तिच्यासाठी दोन नावं होती. भागवत आणि शहेबाज.

मल्लिनाथ सरांनी चष्मा काढून पुसला. मग मान वळवली.

“मकबूलभाई, एक विचारतो, खरं सांगा. खेळाडूंचे कपडे, पट्ट्या, सगळं तुमच्या हाताखालून जातं. भागवतच्या गुडघ्याला काही झालंय का? फेब्रुवारीपासून तो डावीकडं वळायचं टाळतोय. त्याला विचारलं तर हसतो.”

मकबूलच्या हातातली घडी तशीच राहिली. पट्ट्याचा एकेक टाका मला पाठ होता. पण मशीनला कोण विचारतं?

“न्हाई साहेब,” मकबूल म्हणाला. “काही न्हाई. वय झालं थोडं, तेवढंच.”

“आणि शहेबाज?”

“त्याच्याबद्दल मी काय बोलू? बहिणीचं लेकरू आहे. माझं बोलणं धरू नका.”

“भागवत सात वर्षं कप्तान आहे,” साहेब म्हणाले. “गुडघा ठीक असेल तर प्रश्नच मिटला.” आणि त्यांनी शहेबाजच्या नावावर रेघ मारली.

ते गेल्यावर मकबूल स्टुलावर बसून राहिला. भागवतला शब्द दिला होता, हे खरं. त्याच्यामुळेच ही नोकरी मिळाली, हेही खरं. पण मी त्याच्या इतक्या जवळ होते, की आणखी एक गोष्ट मला कळली. तो घाबरला होता. खरं बोललो तर गाव म्हणेल, भाच्यासाठी कप्तानाचा पाय दाखवला.

एरवी एक नाव उसवायला त्याला दहा मिनिटं पुरत. शहेबाजचं नाव दुपारभर चाललं. ते अर्धं उसवून झालं असताना शहेबाज पायऱ्यांवर उभा होता. त्यानं टेबलाकडे पाहिलं, मामूकडे पाहिलं.

“सलाम, मामू. मी पाच वाजताच्या गाडीनं निघतो,” एवढंच म्हणाला.

दोन दिवसांनी भागवत पेढे घेऊन आला. करारावर सही झाली होती.

“आता आप्रेशन कधी?” मकबूलनं पेढा हातातच धरून विचारलं.

“दिवाळी झाली की.”

“अरे, तू म्हणाला होतास...”

“जुलैत सराव सुरू होऊन राहिला, चाचा. नव्या कराराच्या पहिल्याच महिन्यात घरी बसलो तर काय म्हणतील? एवढं वर्ष निघालं, अजून चार महिने निघतील.”

ते चार महिने निघाले नाहीत. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळच्या सरावात, भिंतीपलीकडून एक ओरडणं ऐकू आलं. मी कारखान्यात लोखंड तुटताना ऐकलंय. पण माणसाचा तसला आवाज पहिल्यांदा ऐकला. मकबूल हातातली कात्री टाकून पायऱ्या चढत धावला.

तपासणीत सगळं बाहेर आलं. इजा जुनी आहे, लातूरला आधीच निदान झालेलं आहे, हे कागदावरच होतं. इजा लपवली तर करार रद्द, असं करारात लिहिलेलं. तो आठ दिवसांत रद्द झाला. डॉक्टर म्हणाले, मे महिन्यात आला असतात तर पुढच्या वर्षी खेळला असतात. आता चालता येईल, खेळणं विसरा.

मकबूल मल्लिनाथ सरांकडे गेला. सर आमच्याच खोलीत जर्सी मोजायला आले होते.

“सर, जागा मोकळी झाली आहे. शहेबाजला बोलवा. हैदराबादला दोन ठिकाणी चाचण्या देऊन परत आलाय, सगळीकडच्या टीम आधीच भरल्यात.”

सरांनी जर्सी मोजणं थांबवलं. मग हळू आवाजात म्हणाले, “आता भाचा आठवला का, मकबूलभाई? त्या दिवशी मी तुम्हाला खरं विचारलं होतं. आता तुमचा कुठला शब्द धरू नि कुठला सोडू?”

जागेवर हैदराबादचा एक खेळाडू वर्षभरासाठी उसना आणला. शहेबाज धर्माबादेत मिरचीच्या अडतीवर काट्याशी उभा राहू लागला.

ऑगस्टमध्ये भागवतची बायको आरती त्याचं सामान न्यायला आली. शांत बाई, कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती. तिनं बूट घेतले, टॉवेल घेतले, आणि पिशवीतून तो पट्टा काढून माझ्यावर ठेवला.

“चाचा, हा टाका तुमचा हाय. त्यांच्या लग्नाच्या कोटावर असाच हाय, मला कळतो.”

मकबूलनं पट्ट्यावर हात ठेवला.

“त्यांनी माझ्यापासून लपवलं, कारण मी खेळू दिलं नसतं. पण तुमी वडलांच्या जागी. तुमी एक शब्द बोलला असता तर लई शिव्या खाल्ल्या असत्या त्यांच्या. पण मला माणूस धड मिळाला असता.”

“चूक झाली, बेटी,” मकबूल म्हणाला.

“हाव,” ती म्हणाली. “झाली.” आणि पिशवी उचलून गेली.

त्याच आठवड्यात मकबूलनं नोकरी सोडली. क्लबानं अडवलं नाही. नव्या जर्सींवर नावं छापूनच येत होती. मला हातगाड्यावर घालून त्यानं घरी आणलं, या खिडकीखाली ठेवलं आणि चाकावरचा पट्टा काढून खुंटीला टांगला. जाहिदा म्हणाली, “शाळेचे कपडे तरी शिवा. हात रिकामा राहिला की डोकं खातं माणसाला.” त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गेल्या जुम्म्याला, शुक्रवारी, शहेबाज आला होता. मकबूलनंच निरोप धाडला होता. शहेबाजच्या कपड्यांना मिरचीचा ठसका होता. जाहिदाला दोनदा शिंक आली, पण कुणी हसलं नाही. मकबूलनं त्याला सगळं सांगितलं. पट्टा, शब्द, सरांचा प्रश्न, स्वतःचं उत्तर, भीतीसुद्धा. सांगताना तो भाच्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

शहेबाजनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला, “लोक बोलले असते, ते खरं आहे, मामू. मी समजू शकतो. फक्त एक सांगा. मी चांगला खेळत होतो का?”

“चांगला? अरे, शेवटच्या दोन महिन्यांत भागवतपेक्षा सरस होतास. भागवत स्वतः मला म्हणाला होता.”

शहेबाज उठला. चपला घातल्या. दारात थांबून म्हणाला, “हे त्या खोलीत बोलायचं होतं, मामू. इथं बोलून काय उपयोग?”

जाहिदानं चहा आणेपर्यंत तो गल्लीच्या टोकाला पोचला होता.

त्यानंतर मकबूल माझ्यासमोर येऊन बसतो, रोज, दुपार कलली की, अस्रच्या नमाजनंतर. चादर काढत नाही, नुसता बसतो. मला वाईट वाटतं ते माझ्या रिकामपणाचं नाही. या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाच्या कापडातून चोरून वीतभर तुकडा काढला नाही, आणि एका प्रश्नाच्या उत्तरानं दोन घरं बसली. त्याला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. भागवतचं तर मुळीच नाही.

माझं आयुष्य आता सरत आलंय. कधीतरी भंगारवाला येईल, तराजूत घालील. तुमच्यातलं कुणी या गल्लीत आलंच, तर माझी एक विनंती आहे. या घरात थोडं बसा. जाहिदाचा चहा घ्या. एखादं फाटकं कापड असेल तर मकबूलच्या हातात द्या आणि म्हणा, जमेल तेव्हा शिवून ठेवा. तो नाही म्हणेल. तरी ठेवून जा.